विचारण्याचा अधिकार आणि उत्तराची किंमत

बोईसर स्थानकावरून पश्चिमेकडे निघालेला रस्ता औद्योगिक वसाहतीच्या कडेने समुद्राच्या दिशेने जातो आणि तारापूरच्या अणुविद्युत केंद्राच्या फाटकाशी सामान्य माणसापुरता संपतो. फाटकावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान असतात. हे दल म्हणजे लष्कर नव्हे. ते गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत येते. परंतु १९६८ च्या ज्या कायद्याने ते अस्तित्वात आले, त्या कायद्यात १९८३ साली दुरुस्ती होऊन त्यास संघराज्याच्या सशस्त्र दलाचा दर्जा मिळाला. फाटकाच्या आतही अशाच रेषा आहेत. १९६३ च्या भारत-अमेरिका करारान्वये उभारलेल्या आणि १९६९ साली कार्यान्वित झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली आल्या. पुढे त्यांच्याच शेजारी उभ्या राहिलेल्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या २००६ च्या विभाजन आराखड्यात त्या देखरेखीबाहेर ठेवण्यात आल्या. वीज चारही भट्ट्यांची, समुद्र एकच. पण जगाच्या दृष्टीने 'मुलकी' म्हणून कशाची नोंद व्हावी आणि कशाची होऊ नये, हे दूर कोठेतरी कागदावर ठरले.

अशा ठिकाणी एक काल्पनिक प्रसंग उभा करून पाहण्यासारखा आहे. पालघरच्या एखाद्या महाविद्यालयातला पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी प्रबंधिकेसाठी प्रश्नावली तयार करतो. तीत चार प्रश्न आहेत. युद्ध अटळ असते असे तुम्हांस वाटते काय? शेजारी राष्ट्रांशी वैर कायमचे आहे असे तुम्ही मानता काय? अण्वस्त्राचा वापर कोणत्या परिस्थितीत न्याय्य ठरेल? आणि, दिलेली आज्ञा अन्याय्य वाटली तर तुम्ही काय कराल? उत्तरदाते म्हणून त्याला हवे आहेत ते फाटकावरचे जवान, किनाऱ्यावर गस्त घालणारे नाविक, सुटीवर घरी आलेले सैनिक. एका मुलकी माणसाने गणवेशातील माणसाला असे प्रश्न विचारावेत काय?

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे आहेत. विचारू नये, कारण हा देशाच्या सुरक्षिततेचा मामला आहे; आणि अवश्य विचारावे, कारण लोकशाहीत कोणीही कोणालाही काहीही विचारू शकतो. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. दोन्ही विचारणाऱ्याकडे पाहतात. ज्याला विचारले जाणार आहे त्याच्याकडे दोहोंपैकी एकाचेही लक्ष नाही.

भाषेच्या अभ्यासकाला यात नवल वाटणार नाही. मराठीत 'शिपाई' हा शब्द पलटणीतल्या सैनिकाला, पोलीस ठाण्यातल्या हवालदाराच्या हाताखालच्या माणसाला आणि कचेरीत फायली पोचवणाऱ्यालाही लागतो. तिघांचे समान लक्षण असे की ते दुसऱ्याचा शब्द वाहतात. 'जवान' या शब्दाचा मूळ अर्थ तरुण. आणि तरुणाचे शौर्य वाखाणले जाते, मत क्वचितच विचारले जाते. मत असलेल्या सैनिकासाठी मराठीत शब्द आहे तो 'बंडवाला'. शब्दकोशाने आधीच पुष्कळ काही ठरवून ठेवलेले असते ते असे.

कायद्याची बाजू थोडक्यात पाहिली तरी पुरे. संविधानाच्या ३३ व्या अनुच्छेदाने सशस्त्र दलांतील व्यक्तींचे मूलभूत हक्क कितपत मर्यादित करावेत हे ठरवण्याचा अधिकार संसदेला दिला. १९५० च्या लष्कर कायद्याने आणि १९५४ च्या नियमांनी तो वापरला. त्यांतील २१ वा नियम असा की राजकीय प्रश्नासंबंधी अथवा सेवेच्या विषयासंबंधी कोणताही मजकूर पूर्वपरवानगीवाचून प्रसिद्ध करता येत नाही, वृत्तपत्रांस प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कळवताही येत नाही. युद्धाविषयीचे मत हे एकाच वेळी राजकीयही असते आणि सेवेच्या विषयाचेही. म्हणजे त्या प्रश्नावलीतील चारही प्रश्न या नियमाच्या छायेत येतात. उलट बाजूला, सैनिकास त्याच्या निष्ठेपासून वा कर्तव्यापासून ढळवण्याचा प्रयत्न करणे हा १८६० च्या दंडसंहितेत गुन्हा होता आणि तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेतही तो आहे. परंतु निव्वळ मत विचारणे म्हणजे ढळवणे नव्हे. चौथा प्रश्न त्या सीमेच्या सर्वांत जवळ जातो, एवढे म्हणता येईल.

तेव्हा स्थिती अशी दिसते की विचारणे बव्हंशी मोकळे आहे आणि उत्तर देणे बव्हंशी बंद आहे. हा बंदिस्त प्रदेश वाटतो त्यापेक्षा विस्तृत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली एका निकालात संरक्षण आस्थापनांतील आचारी, चौकीदार, न्हावी, सुतार, मोची, शिंपी अशा मुलकी नोकरांनाही ३३ व्या अनुच्छेदाच्या कक्षेत आणले. ते लढत नसले तरी सेनेच्या पाठोपाठ जातात, म्हणून संघटना करण्याचा त्यांचा हक्कही मर्यादित करता येतो. औद्योगिक सुरक्षा दलाचा इतिहास अधिक बोलका आहे. १९७९ मध्ये या दलाच्या जवानांनी बोकारो येथे आपल्या मागण्यांसाठी आंदोलन केले. ते मोडण्यासाठी लष्कर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. चार वर्षांनी दलाचा दर्जा 'सशस्त्र' असा झाला. एक विसंगती येथेच नोंदवावी: २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे भ्रष्टाचार व मानवी हक्कांचे विषय सोडता ज्यांना माहिती देण्याचे बंधन नाही अशा संस्थांच्या यादीत, हे दल आहे, प्रत्यक्ष भूसेना नाही. फाटकावरचा पहारेकरी रणांगणावरच्या सैनिकापेक्षा अधिक अबोल ठरवला गेला.

नैतिक प्रश्न कायद्याने सुटत नाही, पण त्याचा आकार कायद्याने स्पष्ट होतो. विद्यार्थी आणि जवान यांच्यातील व्यवहारात जोखीम विषम वाटली गेली आहे. वाईटात वाईट म्हणजे विद्यार्थ्याची प्रबंधिका परत येईल. जवानाची नोकरी जाईल, निवृत्तिवेतन जाईल. यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे वरिष्ठांची परवानगी. परंतु परवानगी आली की परिस्थिती अधिकच अवघड होते. कमांडंटने मान्यता दिली, जवानांना सभागृहात बसवले, कागद वाटले, तर तो प्रश्न नागरिकाचा राहत नाही. तो आज्ञेच्या वाटेने आलेला असतो, आणि आज्ञेच्या वाटेने आलेल्या प्रश्नाला जवान जे देतो ते उत्तर म्हणजे कवायतीचाच एक प्रकार असतो. परवानगीवाचून दिलेले उत्तर अपराध ठरते आणि परवानगीने दिलेल्या उत्तराला अर्थ उरत नाही. या कात्रीतून सुटण्याची वाट दाखवल्याशिवाय 'विचारण्याचा अधिकार' ही भाषा फारशी उपयोगाची नाही.

तरीही विचारण्याची गरज नाकारता येत नाही, आणि तिचे सर्वांत जवळचे प्रमाण पालघरातच आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव' चळवळीत तेथील कचेरीवर गेलेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. गावात त्यांचे स्मारक आहे, दरवर्षी त्या दिवशी त्यांना मानवंदना दिली जाते. गोळी खाणाऱ्यांची नावे इतिहासाने जपली, हे योग्यच झाले. गोळी झाडणाऱ्यांना त्या क्षणी काय वाटले, हे मात्र कोणाच्या जिज्ञासेचा विषय झाले नाही. ते क्रूर होते, भ्यालेले होते, की नोकरी टिकवत होते? त्यांना प्रश्न विचारणे म्हणजे त्यांना क्षमा करणे, असा काही समज आपल्या इतिहासलेखनात रुजलेला असावा. पण आज्ञा आणि बोट यांच्यामधल्या अर्ध्या क्षणात काय घडते हे ज्या समाजाला माहीत नाही, त्याला स्वतःच्या नावाने चाललेल्या हिंसेविषयी फारच थोडे माहीत असते.

या भागाचा शस्त्रधाऱ्यांच्या मनाशी असलेला संबंध केवळ ऐतिहासिकही नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या समुद्रात 'जलपरी' या मासेमारी नौकेवर पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा संस्थेच्या माणसांनी गोळीबार केला, त्यात पालघर तालुक्यातील वडराईचा एक मच्छीमार ठार झाला. दोन राष्ट्रांमधली सीमा ही त्या घरापुरती कोणा अनोळखी गणवेशधाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून होती. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूरहून मुंबईला येणाऱ्या गाडीत, पालघरच्याच परिसरात, रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने केलेल्या गोळीबारात त्याचा वरिष्ठ आणि तीन प्रवासी मेले. अशा अपवादावरून सर्वांविषयी संशय घेणे अन्यायाचे होईल. लक्षात घेण्यासारखे आहे ते अशा घटनेनंतर नेहमी होणारे: चर्चा ताण, झोप, औषधोपचार आणि समुपदेशन यांच्याकडे वळते. गणवेशातील मन हे वैद्यकाचा विषय म्हणून मान्य होते. विचार करणारे, मते बाळगणारे, चुकीची मतेही बाळगणारे मन म्हणून ते मान्य होत नाही.

आणि विषमता आणखी एका पातळीवर आहे. तारापूर परिसरातील गावकरी हा देशातील पुष्कळ वेळा विचारला गेलेला माणूस असावा. भूसंपादनासाठी त्याला विचारले जाते, आरोग्याच्या पाहणीसाठी विचारले जाते, आपत्कालीन सरावासाठी त्याची घरे मोजली जातात. तिसऱ्या-चौथ्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, तेव्हा झाडे, विहिरी, भिंती सारे नोंदवले गेले. कुंपणाबाहेरच्या माणसाने आपले सर्व काही सांगायचे आणि कुंपणावरच्या माणसाने काहीच सांगायचे नाही, अशी ही व्यवस्था. मुलकी सत्तेची लष्करावरील श्रेष्ठता हे लोकशाहीचे तत्त्व खरे. परंतु ते दिल्लीतल्या मंत्रालयापाशी पाळले जाते आणि फाटकापाशी उलटे होते.

याविरुद्धचा गंभीर आक्षेप गुपिताचा नाही. युद्धाविषयीच्या मतात गुपित फारसे नसते. खरा आक्षेप असा की मते मोजली की सेना हा मतदारसंघ बनतो. ज्या दिवशी 'इतके टक्के जवान युद्धाच्या बाजूने' असा आकडा छापून येईल, त्या दिवसापासून प्रत्येक राजकीय पक्ष त्या आकड्याला आपल्या व्यासपीठावर उभे करील. आणि आज युद्धाच्या विरुद्ध भरलेले पारडे उद्या युद्धाच्या बाजूने, परवा निवडून आलेल्या सरकारच्याच विरुद्ध भरू शकते. आशिया-आफ्रिकेतील अनेक देशांचा अनुभव पाहता ही भीती पोकळ म्हणता येत नाही. सैनिकाचे मौन ही त्याच्यावरची सक्ती आहे तशीच ती नागरिकाला मिळालेली हमीही आहे. मौनाचे मोल मोजूनच ते मोडण्याचा विचार केला पाहिजे.

असा प्रयोग प्रत्यक्ष झालेला आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये झॉग्बी या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेने ल मॉइन महाविद्यालयाच्या सहकार्याने इराकमध्ये तैनात असलेल्या ९४४ अमेरिकन सैनिकांची मते प्रसिद्ध केली. ७२ टक्क्यांचे म्हणणे असे की अमेरिकेने वर्षभराच्या आत तेथून निघावे. युद्धविरोधकांनी हा आकडा उचलला, समर्थकांनी पाहणीच्या पद्धतीवर हल्ला चढवला. सारे अपेक्षेप्रमाणे झाले. पण त्याच पाहणीत दुसरा एक आकडा होता, तो कोणालाच फारसा सोयीचा नव्हता: ८५ टक्के सैनिकांना वाटत होते की सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील सद्दामच्या सहभागाचा बदला घेणे हे आपल्या मोहिमेचे एक मुख्य प्रयोजन आहे. असा सहभाग सिद्ध झालेला नव्हता. म्हणजे ज्यांना मारण्या-मरण्यासाठी पाठवले, ते एका असत्यासाठी तेथे होते आणि त्यांना ते ठाऊक नव्हते. ही गोष्ट विचारल्यावाचून कळली नसती. सैनिकांना विचारण्याच्या बाजूने देता येईल असा याहून सबळ दाखला मिळणे कठीण, आणि विशेष म्हणजे तो सैनिकांच्या मताचा दाखला नाही. त्यांना काय सांगितले गेले होते याचा आहे. अमेरिकन कायद्याने एक रेषा आखली आहे तीही येथे पाहण्याजोगी: सैनिकाला त्याने कोणाला मत दिले वा देणार हे विचारणे हा तेथे गुन्हा आहे, युद्धाबद्दल काय वाटते हे विचारणे नाही. मतदान आणि मत यांत असा भेद करता येतो.

येथवर प्रश्न अधिकाराचा होता. साहित्याच्या अभ्यासकाचे खरे काम याच्या पुढे सुरू होते, कारण प्रश्नावली हाही एक वाङ्मयप्रकार आहे आणि प्रत्येक वाङ्मयप्रकार आपल्या वक्त्याला घडवतो.

सैनिकांच्या मतांचा आजवरचा सर्वांत प्रचंड संग्रह दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सेनेने स्वतःच केला. सॅम्युएल स्टाउफर यांच्या नेतृत्वाखाली पाच लाखांहून अधिक सैनिकांना प्रश्न विचारले गेले आणि १९४९ मध्ये 'दि अमेरिकन सोल्जर' हे ग्रंथ निघाले. नावे घेतली जात नव्हती, कागद भरताना वरिष्ठ खोलीत नसत. सैनिक ध्येयांसाठी क्वचित लढतो, बरोबरच्या सोबत्यांसाठी आणि हे एकदाचे संपावे म्हणून लढतो, असे त्यातून निघाले. युद्धानंतर कोणाला आधी घरी सोडावे याची गुणपद्धतीही त्या उत्तरांवर बेतली गेली. सैनिकाचा यात लाभ झाला हे उघड आहे. तरी ग्रंथ निघताच रॉबर्ट लिंड या समाजशास्त्रज्ञाने त्यावर जी टीका केली ती आजही टिकते: माणसे समजून घेण्याचे हे शास्त्र ज्याच्या हाती आहे, त्याला माणसे वापरणेच अधिक सोपे होते. युद्ध असावे की नसावे हा प्रश्न त्या लाखो कागदांच्या पलीकडे ठेवलेला होता. सैनिक युद्ध कसे सोसतात एवढेच त्यांना विचारायचे होते.

मराठी सैनिकाचे मत इतिहासात कोणत्या रूपांत उतरले आहे, हे याच्या शेजारी ठेवून पाहावे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये गेलेल्या हिंदी सैनिकांची पत्रे १९१४ च्या अखेरीपासून सरकारी तपासनीस उघडून वाचत. त्यांतील निवडक मजकूर इंग्रजीत उतरवून अहवाल वर पाठवले जात. त्यांत मराठी पत्रेही होती. बहुतेक मूळ पत्रांचा आज मागमूस नाही. निरक्षर सैनिकाने सांगितले, कारकुनाने लिहिले, तपासनिसाने वाचले, अनुवादकाने इंग्रजी केले, आणि लंडनच्या दप्तरात जे उरले ते आज मराठी माणसाने पुन्हा मराठीत आणायचे. मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या, २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली, हजारो हिंदी सैनिक कैदेत गेले. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावातून त्या महायुद्धात ४६ जण कामी आले. त्यांची युद्धाविषयीची मते शोधायची तर त्यांच्यावर पाळत ठेवणाऱ्या यंत्रणेचीच कागदपत्रे चाळावी लागतात. सत्तेने सैनिकाचे मत कधीच दुर्लक्षिले नव्हते. तिने ते चोरून वाचले. नागरिकाने उघडपणे विचारणे हे अनुचित मानणाऱ्यांनी या जुन्या सवयीचा विचार करावा.

पत्रापेक्षा वेगळे रूप अर्जाचे. महार सैनिकांची भरती थांबली तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ च्या सुमारास सरसेनापतींना उद्देशून एक अर्ज सिद्ध केला. त्यात पूर्वपराक्रमाची साक्ष होती, समाजातील स्थानाची चिकित्सा होती आणि शस्त्र धारण करण्याचा हक्क हा माणूसपणाचा हक्क म्हणून मागितला होता. या अर्जाला प्रश्नावलीत बसवता येत नाही. 'युद्धाविषयी तुमचे मत काय?' या प्रश्नावर वलंगकरांनी बहुधा म्हटले असते की प्रश्नच चुकीचा आहे. आधी आम्हांला सैनिक होऊ द्या. अर्जात प्रश्न कोणता हे सैनिक ठरवतो. प्रश्नावलीत ते आधीच ठरलेले असते.

तिसरे रूप विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'चे. वरसईचा हा भिक्षुक ब्राह्मण १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि महूजवळ त्याची कंपनीच्या शिपायांशी गाठ पडली. काडतुसांची, राजेरजवाड्यांवर येऊ घातलेल्या नव्या कलमांची आणि लवकरच होणाऱ्या उठावाची हकीकत शिपायांनी त्याला सांगितली. तिच्यातील तपशील इतिहासाच्या कसोटीस पुष्कळदा उतरत नाही. पण हा मराठीतला एक दुर्मिळ प्रसंग आहे: शस्त्रधारी माणूस एका निःशस्त्र वाटसरूला आपण का लढणार हे आपण होऊन सांगतो. त्यांनी का सांगितले? गोडसे कोणाचा प्रतिनिधी नव्हते, त्यांच्या हाती कागद नव्हता, आणि त्याच रस्त्याने जाण्यात त्यांचाही जीव तितकाच धोक्यात होता. जोखीम वाटून घेतलेली होती. पुढे हे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी संस्कार करून १९०७ मध्ये प्रसिद्ध केले आणि मूळ हस्तलिखितावरील दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती १९६६ मध्ये आली. सांगणाऱ्या शिपायांची नावे त्यात नाहीत. ती नसणे हे त्यांचे रक्षणच होते.

कांटने १७८४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात सैन्याधिकाऱ्याचेच उदाहरण घेतले आहे. कामावर असताना त्याने आज्ञेवर वाद घालू नये. परंतु अभ्यासक म्हणून, वाचकवर्गापुढे, सेवेतील दोषांविषयी लिहिण्यास त्याला मनाई असू नये. हा भेद आकर्षक आहे, परंतु तो लिहू शकणाऱ्या अधिकाऱ्याला सोयीचा आहे. आपल्याकडेही निवृत्त सेनानी आत्मचरित्रे लिहितात. लेफ्टनंट जनरल शं. पां. पा. थोरात यांनी १९५९ मध्ये ईशान्य सीमेविषयी दिलेला इशारा बाजूला ठेवला गेला, हे लोकांना पुढे कळू शकले, कारण त्यांना लेखणी होती आणि प्रतिष्ठा होती. शिपायाजवळ वाचकवर्ग नसतो. प्रश्नावली त्याला तो मिळवून देते असा तिचा दावा आहे, पण ती त्याचे नाव काढून घेते, त्याची वाक्ये काढून घेते आणि त्याचा एक दशांश टक्का करते. कांटला अभिप्रेत असलेला बुद्धीचा जाहीर वापर येथे होत नाही. निनावीपणा सैनिकाचे रक्षण करतो आणि त्याच क्षणी त्याचे वक्तेपणही घेतो, ही अडचण खरी आहे आणि ती कौशल्याने मिटवता येण्यासारखी नाही. मात्र गोडश्यांच्या पुस्तकातले शिपाईही निनावी आहेत, तरी ते बोलतात. तेव्हा दोष निनावीपणात नसून उत्तराला दिलेल्या चौकटीत आहे, असे म्हणावे लागते.

महाभारतातही आरंभी प्रश्न विचारतो तो न लढणारा धृतराष्ट्र. आपल्या मुलांनी आणि पांडवांनी काय केले एवढेच त्याला हवे आहे. त्यांना काय वाटले याची त्याला चौकशी नाही. अर्जुनाचे युद्धाविषयीचे मत कोणी न विचारता बाहेर येते, तेही सारथ्याजवळ, रथातच, दोन्ही सैन्यांच्या मधोमध. अठरा अक्षौहिणींतील पायदळाला काय वाटत होते हा प्रश्न व्यासांनाही पडलेला दिसत नाही. टिळकांपासून विनोबांपर्यंत मराठीत गीतेची जी थोर चर्चा झाली ती एका धनुर्धराच्या शंकेची चर्चा आहे. शंका घेण्याचा अधिकारही हुद्द्याप्रमाणे मिळतो की काय, असे वाटण्याइतका हा मौनाचा इतिहास जुना आहे.

यातून त्या विद्यार्थ्याच्या हाती काय येते? फाटकावर जाऊन कागद पुढे करणे हे त्याने करू नये, कारण त्याची किंमत दुसरा कोणी देणार आहे. सभागृहात बसवलेल्या जवानांची उत्तरे घेऊ नयेत, कारण ती त्यांची नसतील. त्याच्यापुढे मोकळी असलेली जागा अरुंद आहे: सेवेतून मुक्त झालेली माणसे, वर्षानुवर्षांच्या ओळखीतून आलेले बोलणे, आणि जेथे नकार देणे हे उत्तर देण्याइतकेच सोपे असेल असे घराचे अंगण. अपशिंग्यासारख्या गावात सैनिक हा शेजारी, काका, मामा असतो. तेथे हे बोलणे ओट्यावर होत असते. बोईसर-तारापूरची अडचण अशी की येथला सशस्त्र माणूस बहुधा दूरच्या प्रांतातून आलेला, काही वर्षांनी बदलून जाणारा असतो. त्याची भाषा वेगळी, आणि त्याच्यासमोरच्या गावाची भाषाही प्रमाण मराठी नाही. ती वाडवळी आहे, मांगेली आहे, वारली आहे. प्रश्नावली दोघांनाही परक्या भाषेत गाठणार.

शिवाय 'नागरिक' या एका शब्दाखाली विद्यार्थ्याने स्वतःला आणि घिवली, दांडी, उच्छेळीच्या लोकांना एकत्र धरले आहे. महाविद्यालयातून आलेल्या माणसाला अण्वस्त्राच्या न्याय्यतेविषयी कुतूहल असणे स्वाभाविक आहे. किनाऱ्यावर मासे वाळवणाऱ्या बाईला फाटकावरच्या जवानाला काय विचारावेसे वाटते, हे तिलाच आधी विचारावे लागेल. तो जर तिच्याकडे आधी गेला, तिचे ऐकले, आणि मग आपला कागद पुन्हा हाती घेतला, तर त्यावरचे पहिले तीन प्रश्न बहुधा खोडले जातील. आज्ञेविषयीचा चौथा राहील, आणि तो त्याला स्वतःलाही कोणी विचारू शकेल.